नव्या तलाठ्यास
सज्जावर, म्हणजे तुमच्याकडे सोपवलेल्या गावांच्या कामावर, रुजू झाल्यानंतर जमिनीच्या हक्कांतील बदल संगणकावर नोंदवण्याची ई-फेरफार प्रणाली तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर अवगत होईल, यात शंका नाही; परंतु जुन्या फेरफारातील मोडी नोंद किंवा आणे-पैमध्ये लिहिलेला हिस्सा समोर आला, की निवृत्तीला टेकलेल्या अव्वल कारकुनांजवळ खुर्ची ओढून बसत जावे. माझ्या पहिल्याच वर्षी ‘०-५-४’ ही नोंद मी जमिनीचे क्षेत्र समजून उतरवू लागलो, तेव्हा ‘अहो, १६ आण्यांपैकी ५ आणे ४ पै, म्हणजे तिसरा हिस्सा’ असे सांगून त्यांनी माझा हात थांबवला. संगणकाबाबत ‘पोराला’ विचारणे मात्र त्यांना कमीपणाचे वाटे, म्हणून चहाच्या वेळी त्यांच्या प्रलंबित कामांचा विषय मीच काढीत असे. तुम्हीही कोणी विचारण्याची वाट पाहू नये.