प्लॅनेटरी नेब्युलांच्या अभ्यासात तंत्रज्ञानानं नवीन काही कळलं, की फक्त फोटो देखणे झाले?

तुमची शंका रास्त आहे. मी हौशी निरीक्षक. माझ्या सहा इंची दुर्बिणीतून स्वरमंडळ तारकासमूहातला एम 57 हा असाच एक नेब्युला, म्हणजे तेजोमेघ, दिसतो तो धुराचं एक राखाडी वेटोळं. रंग नाही, तपशील नाही. जुन्या दुर्बिणींतून हे मेघ ग्रहाच्या फिकट बिंबासारखे दिसत, म्हणून विल्यम हर्शल यांनी त्यांना ग्रहांवरून नाव दिलं. प्रत्यक्षात ग्रहांशी त्यांचा काही संबंध नाही. म्हाताऱ्या ताऱ्यानं बाहेर टाकलेले ते वायूचे थर आहेत.

माझ्या मते सर्वांत मोठी उडी फोटोंच्या नव्हे, वर्णपटाच्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्याच्या, जोरावर मारली गेली. 1864 मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या 'मांजराचा डोळा' या मेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. ताऱ्यांसारखा सलग पट्टा नव्हता, मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नव्हे, वायू! त्यातली एक हिरवी रेषा कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं. 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं, की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे. ती रेषा उमटायला लागणारा इतका विरळ वायू प्रयोगशाळेत बनवताच येत नव्हता, म्हणून ती कोणी ओळखली नाही.

पुढे हबल दुर्बिणीनं 1994 मध्ये त्याच मांजराच्या डोळ्याचा फोटो काढला, आणि 'तारा मरताना गोल फुगा फुगवतो' हे सोपं चित्र कोलमडलं. एकात एक अडकलेली कवचं, फवारे, गाठी! नंतरच्या फोटोंत बाहेर समकेंद्री वलयंही दिसली. ताऱ्यानं साधारण 1,500 वर्षांच्या अंतरानं उसासे टाकावेत तशी. एकटा, गोल तारा असं नक्षीकाम कसं करेल? मग शेजारी फिरणाऱ्या जोडीदार ताऱ्यावरचा संशय बळावला.

जेम्स वेब दुर्बिणीनं तो संशय आणखी पक्का केला. 2022 मध्ये तिनं एनजीसी 3132 हा आणखी एक प्लॅनेटरी नेब्युला पाहिला, तेव्हा मधला मरणारा तारा धुळीनं वेढलेला निघाला. मेघाच्या आकारावरून संशोधकांनी किमान चार ताऱ्यांचा हात असल्याचं अनुमान काढलं. त्यात ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया यानाच्या मोजमापांचा मोठा वाटा होता. त्यांच्यामुळेच तो तारा मूळचा सूर्याच्या जवळपास 3 पट वस्तुमानाचा होता, हे नेमकं सांगता आलं. एरवी या मेघांची अंतरं म्हणजे पूर्वी निव्वळ डोकेदुखी! अंतरच धड माहीत नसेल, तर मेघ केवढा आणि किती जुना, हे कसं सांगणार?

माझी आवडती गोष्ट मात्र फोटोत दिसतच नाही. विश्वात पहिल्यांदा बनलेला रेणू हेलियम हायड्राइड असावा, असं मानतात. प्रयोगशाळेत तो 1925 पासून माहीत होता, आकाशात मात्र सापडत नव्हता. जिथं तो दिसायला हवा, ती अवरक्त तरंगलांबी आपलं वातावरण अडवतं. शेवटी बोइंग 747 विमानात बसवलेल्या 'सोफिया' दुर्बिणीनं वातावरणाचा बहुतेक थर खाली टाकून तो गाठला. 2019 मध्ये निकाल जाहीर झाला, आणि रेणू सापडला होता एनजीसी 7027 या एका प्लॅनेटरी नेब्युलातच.