जैवयांत्रिकी की जीवयामिकी?

‘बायोमेकॅनिक्स’ला, म्हणजे सजीवांच्या शरीरावरची बलं आणि हालचाली अभ्यासणाऱ्या शास्त्राला, मराठीत जैवयांत्रिकी म्हणावं की जीवयामिकी, असा प्रश्न आला आहे. दोन्ही शब्द वापरात आहेत. माझा कौल जीवयामिकीला.

‘मेकॅनिक्स’च्या मूळ ग्रीक शब्दातच यंत्र आहे, त्यामुळे ‘यांत्रिकी’ करणाऱ्याने शब्दशः काही चुकीचं केलेलं नाही. पण आज त्या शास्त्राचा विषय बल आणि गती हा आहे. वरून सुटलेल्या दगडालाही ते लागू पडतं, तिथे यंत्र कुठलं? विश्वकोशाने ‘यामिकी’ घेतला तो मला म्हणूनच योग्य वाटतो. ‘यामिक’ म्हणजे रात्रीचा पहारेकरी, हे ठाऊक असलेला वाचक क्षणभर अडखळेल, एवढंच.

शरीराला यंत्र मानण्याची परंपरा जुनी आहे. इटलीचा शास्त्रज्ञ बोरेल्ली याचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१मध्ये निघाला. त्यात त्याने सांध्यांकडे तरफ म्हणून पाहिलं. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर ५ किलोचं वजन धरा. कोपर हा टेकू. वजन त्यापासून ३५ सेंटिमीटरवर, दंडाचा स्नायू मात्र जेमतेम ५ सेंटिमीटरवर जोडलेला. म्हणजे हाताचा स्वतःचा भार सोडला तरी स्नायूला ३५ किलोइतकी ओढ लावावी लागते! इथवर ‘यांत्रिकी’ चपखल बसते.

पण यंत्र वापराने झिजतं. हाड वापराने भरतं. पडणाऱ्या भाराप्रमाणे हाडाची घडण बदलते, हे १८९२मध्ये जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फने मांडलं. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात भारच नाही, तर अंतराळवीराच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने उतरते. असं कुठलं यंत्र आहे? या विषयाचा प्राण इथे आहे आणि ‘यांत्रिकी’ नेमका तोच झाकते.

जाता जाता, यापेक्षा मोठा घोळ ‘विकृती’ या शब्दाचा आहे. पदार्थविज्ञानात भाराखाली वस्तूचा आकार किंचित बदलला की ती विकृती, आणि वैद्यकात विकृती म्हणजे रोग. ‘धावताना पायाच्या हाडात विकृती निर्माण होते’ हे वाक्य वाचून धावणारा घाबरेल. हाड तर फक्त केसभर वाकलेलं असतं. मी अशा ठिकाणी सरळ ‘आकारबदल’ लिहितो.