वर्धापनदिनाच्या राईडला पहिल्यांदाच येताय?

या की! आमच्या सायकल क्लबला दहा वर्षं झाली म्हणून खडकवासल्यापर्यंत जायचंय, शर्यत नाही. नवी सायकल घेऊ नका, घरातली चालेल.

आधी सीट बघा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. नवखे सीट खाली ठेवतात नि मग गुडघे चोळत बसतात.

- टायरच्या कडेला हवेच्या दाबाचे आकडे छापलेले असतात, हवा त्याच मापात. कमी हवेत खड्ड्यात आपटलात की ट्यूब चिमटून पंक्चर.
- हेल्मेट नसेल तर परत पाठवतो, वर्धापनदिन असला तरी.
- घोळक्यात अचानक ब्रेक नको. खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवा.

सिंहगड रोडवर सुरुवातीलाच दामटू नका, हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवा. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट वगैरे नंतर बघू. धरणावर भजी मिळतीलच, तरी निघताना केळं खा.