पहिला टॅटू नेमका कुठे? : ताईला विचारा

ताई, मी 21 वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्राजक्ताचं छोटंसं फूल काढायचंय, डिझाइन फायनल आहे पण जागाच ठरत नाहीये. मैत्रीण म्हणते बरगड्यांवर काढ म्हणजे घरी कळणार नाही, मला मनगट आवडतं. गणपतीत ढोल पथकात पण असते. आणि खरंच किती दुखतं?

आधी दुखण्याचं सांगते, कारण सगळ्यांचा खरा प्रश्न तोच असतो, बाकीचे नंतर सुचतात. जिथे हाडावर लगेच कातडी आहे तिथे जास्त दुखतं, म्हणजे बरगड्या, घोटा, पावलाची वरची बाजू. शिवाय काख, कोपराच्या आतली बाजू, गुडघ्यामागचा भाग असल्या नाजूक जागा. दंडाची बाहेरची बाजू, कोपराखालचा हात, पोटरी, इथे त्यामानाने सुसह्य असतं. म्हणून मैत्रिणीचा सल्ला लपवायला भारी असला तरी पहिल्याच वेळी बरगड्या नको ग बाई, एक तर श्वास घेतला की ती जागा हलते, आणि नंतर जखम भरेपर्यंत दोन-तीन आठवडे ब्राची पट्टी नेमकी तिथेच घासत राहते. लपवायचंच असेल तर दंडाचा वरचा भाग घे, कुर्त्याच्या बाहीखाली आरामात जातो. (आईला कळणारच, आयांना कळतं, पण ते तुझं तू बघ.)

मनगट वाईट नाहीये, पण घडीवर नको, तीन-चार बोटं कोपराकडे सरक. घडीची कातडी दिवसभर दुमडते, वर घड्याळ, बांगड्या, लॅपटॉपची कड, तिथे बारीक रेषा लवकर बिघडतात. सुई शाई सोडते ती सगळ्यात वरच्या कातडीत नाही, तिच्या खालच्या थरात. वरचा थर सतत झडून नवा येतो, खालचा राहतो, म्हणून टॅटू टिकतो. तरी वर्षं गेली की रेषा जाड होतातच, एखाद्या आजीच्या हातावरचं तुळशीचं गोंदण बघ, हिरवट झालेलं असतं आणि कडा पसरलेल्या. म्हणजे नखाएवढ्या जागेत सगळ्या पाकळ्या आणि तो केशरी देठ कोंबलास तर काही वर्षांनी ठिपका उरेल. थोडं मोठं काढ, आणि मोठं काढायचं तर मनगटापेक्षा कोपराखालचा हात केव्हाही बरा. माझं मत विचारशील तर तिथेच काढ.

आता ढोल. तो कमरेला आवळून बांधतात, त्यामुळे कंबर आणि पोट बाद. हातावर काढलास तरी सराव सुरू व्हायच्या महिनाभर आधी उरकून घे, ताजा टॅटू म्हणजे उघडी जखमच असते, त्यात घाम आणि मिरवणुकीतला गुलाल गेला तर काय होईल मी सांगायला नको. स्विमिंग पण तोपर्यंत बंद, ऊन टाळायचं, आणि जखम भरल्यावर उन्हात जाताना तिथे सनस्क्रीन, कारण उन्हाने रंग फिका पडतो.

अजून एक गोष्ट जी स्टुडिओत कुणी विचारेलच असं नाही. दंडावर बीसीजीच्या लसीचा वण असतो ना, तो किंवा कान टोचलेली जागा फुगून जाड झालीये का बघ. तशी झाली असेल तर तुझ्या कातडीला केलॉइडची, म्हणजे वण जखमेपेक्षा मोठा फुगून वाढायची, सवय असू शकते, मग आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, आणि छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग तर विसरूनच जा, केलॉइड तिथेच जास्त येतात. तीळ असेल तर त्याच्यावरही काढू नको, उद्या त्याचा रंग-आकार बदलला तर शाईखाली दिसणार कसा? सुई पाकिटातून तुझ्यासमोर फोडायला सांग, लाजू नको, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही वापरलेल्या सुईतून पसरू शकतात. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात मात्र टॅटूनंतर वर्षभर तुझं रक्त घेणार नाहीत.

मॅडम, मी 19 वर्षांचा, साताऱ्याजवळच्या गावात राहतो, भरतीची तयारी चालू आहे. मित्रांनी दंडावर सिंह काढलाय, मला पण काढायचाय. चालेल का?

नाही चालणार, थांब! लष्करात कायमचा टॅटू फक्त दोन ठिकाणी चालतो, कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू, आणि तळहाताची मागची बाजू. आदिवासी समाजांच्या परंपरेच्या गोंदणाला सवलत आहे, बाकीच्यांना दंड, मान, छाती सगळं बंद. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांचा नियम अजून कडक, तिथे हाताची आतली बाजू चालते पण फक्त डाव्या हाताची, कारण सॅल्यूट उजव्या हाताने करतात, आणि टॅटू त्या भागाच्या पावपेक्षा लहान हवा, शिवाय काय काढलंय तेही बघतात, धार्मिक चिन्ह किंवा नाव एवढंच. तेव्हा धावण्याचा टाइम कमी कर, मेडिकल होऊ दे, आणि काढायचाच असेल तर त्या वर्षीची जाहिरात शब्द न शब्द वाचून मगच. मित्रांपैकी कुणी भरतीला उतरणार असेल तर त्यालाही हे वाचून दाखव.

ताई, साखरपुड्याला अंगठीऐवजी बोटावर एकमेकांच्या नावाचा टॅटू काढायचा विचार आहे. दोघांचाही पहिलाच. – ठाणे

कल्पना गोड आहे, जागा बेकार. बोटांची कातडी घासते फार, भांडी, हँडवॉश, बाइकचं हँडल, त्यामुळे शाई ठिकठिकाणी उडते आणि परत परत टच-अप करत बसावं लागतं. बोटांच्या आतल्या बाजूला तर काही महिन्यांतच अर्धं नाव गायब होऊ शकतं, मग उरलेल्या अक्षरांचं काय वाचायचं ते पाहुणे ठरवतील. नाव कोपराखालच्या हातावर काढा आणि अंगठ्या घ्याच. आणि काळ्या शाईत काढा, लेझरने घालवायची वेळ आली तर काळा सगळ्यात सोपा जातो, हिरवा-पिवळा छळतो, तेही बोटावर असला तर जायला जास्तच वेळ लावतो. रागावू नका, विचारलंत म्हणून सांगितलं.