विचारा बिनधास्त : ईसीयू, इन्का आणि लॅपटॉपवरचे आकडे

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यात ईसीयू कॅलिब्रेशनचे जॉब भरपूर आहेत असं सीनियर्स सांगतात. इन्का आणि कॅनापे शिकवणारा एक क्लास आहे, फी दणदणीत आहे, घरचे म्हणतायत करून टाक. करू का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : घरच्यांना म्हणावं, जरा थांबा. जॉब आहेत हे खरंय. ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. 2020च्या एप्रिलमध्ये आपण धुराच्या नियमांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर उडी मारली आणि 2023पासून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर पळवून धूर मोजायचा नियम आला, त्यामुळे हे काम वाढलं. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, व्हेक्टरचं भारतातलं ऑफिसही पुण्यातच, चाकणला तर प्लांटांची रांगच लागलीय. पण क्लासमध्ये काय शिकवतात ते आधी बघ. इन्का हे जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या ईटासचं सॉफ्टवेअर, ईटास म्हणजे बॉशच्या घरातलीच कंपनी, आणि कॅनापे त्याच गावच्या व्हेक्टरचं. दोन्हीचं मूळ काम एकच, चालू इंजिनाच्या ईसीयूमध्ये आत्ता काय चाललंय ते बघायचं, नोंदवायचं, आणि इंजिन बंद न करता आतले आकडे बदलायचे. कुठलं बटण कुठे आहे हे कामावर लागल्यावर शेजारचा माणूस चहा पिता पिता दाखवतो, त्यासाठी एवढे पैसे मला तरी पटत नाहीत.

इंटरव्ह्यूला समोर ग्राफ ठेवतात. पोर्ट इंजेक्शनचं, म्हणजे सिलिंडरच्या आधी हवेच्या वाटेत (इन्टेकमध्ये) पेट्रोल फवारणारं इंजिन, अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबलाय आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, 1 म्हणजे अगदी जुळलेलं) क्षणभर 1च्या वर उडालाय, म्हणजे मिश्रण लीन झालंय, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलंय. का झालं? हवा लगेच आत गेली, पण पेट्रोलचा काही भाग इन्टेकच्या भिंतीला चिकटून बसला, सिलिंडरमध्ये पोचला उशिरा. मग त्या वेळी जास्तीचं पेट्रोल किती द्यायचं, गार इंजिनला किती, गरमला किती, हे ठरवणं म्हणजे कॅलिब्रेशन. हे ज्याला सांगता येतं त्याला इन्का येत नसलं तरी घेतात, उलटं सहसा होत नाही. तेव्हा नॉक (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकणं), लॅम्डा, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणं), कॅन बस (गाडीतल्या ईसीयूंना जोडणारी तार) हे पक्कं कर. आणि मोजमापाच्या फाइली एमडीएफ नावाच्या फॉरमॅटमध्ये असतात, त्या उघडायला पायथनमध्ये असॅम-एमडीएफ नावाची फुकट लायब्ररी आहे, ती घे आणि एखादी फाइल मिळवून खेळत बस.

प्रश्न : नवीनच लागलोय, इन्कावर काम करतो. आयडल स्पीडचा आकडा 800चा 850 केला, इंजिन ढिम्म हललं नाही. मग दुसरीकडे बदलला तेव्हा हललं, पण दुसऱ्या दिवशी सगळं गायब. वर सीनियर म्हणाले, एटूएल फाइल जुनी होती, नशीब काही फुटलं नाही. नक्की काय चुकलं माझं?
– चाकणहून एक ट्रेनी

उत्तर : तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, तू त्यांची एकच खिचडी केलीयस.

आधी इंजिन का हललं नाही ते. आयडलचा आकडा कधीच एकटा नसतो. पाण्याच्या तापमानाप्रमाणे एक कर्व्ह असतो, समज 20 अंशांना 1050 आणि 80 अंशांना 800, मधलं ईसीयू स्वतः काढतं, म्हणजे 50ला 925. शिवाय एसी चालू असेल तर वेगळी मागणी, बॅटरी उतरली असेल तर वेगळी, आणि बऱ्याच ईसीयूत या सगळ्यांतली जी मोठी ती जिंकते. तू 80च्या खणात 850 लिहिलंस, पण तेव्हा एसी चालू असेल आणि त्याची मागणी 900 असेल, तर तुझ्या 850ला विचारतो कोण? म्हणून आकडा बदलायच्या आधी त्याच्या पुढचे-मागचे सिग्नल स्क्रीनवर घ्यायचे आणि आत्ता कोण जिंकतंय ते बघायचं. फंक्शनचं डॉक्युमेंट वाचायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण त्याला इलाज नाही.

आता गायब का झालं. ईसीयूचा डेटा फ्लॅश मेमरीत असतो आणि फ्लॅशमधला एखादाच आकडा इंजिन चालू असताना खोडून लिहिता येत नाही. म्हणून तो डेटा रॅममध्ये उचलून घेतात. ती वर्किंग पेज, आणि मूळचं ते रेफरन्स पेज, दोघांत एका क्लिकवर उड्या मारता येतात, तुलना करायला फार सोयीचं. पण इग्निशन बंद केलं, ईसीयू झोपलं, की साध्या सेटअपमध्ये रॅम पुसली जाते आणि सकाळी ईसीयू फ्लॅशमधलंच घेऊन उठतं. तुझे आकडे लॅपटॉपवर मात्र शाबूत असतात. मग कनेक्ट केल्यावर सॉफ्टवेअर म्हणतं, दोन्हीकडचा चेकसम (डेटा तोच आहे का ते सांगणारा आकडा) जुळत नाहीये, काय करू, आणि इथेच नवीन पोरं घाईत अपलोड दाबतात. अपलोड म्हणजे ईसीयूतलं लॅपटॉपवर! कालचं काम गेलं. तुला डाउनलोड हवं होतं. आणि पक्कं ठेवायचं असेल तर शेवटी फ्लॅशच करावं लागतं.

एटूएलचं प्रकरण मात्र खरंच गंभीर आहे, सीनियर उगाच नाही ओरडले. ईसीयूतून येतो तो नुसता कच्चा आकडा, समज 3200. एटूएल फाइल सांगते की हा अमुक पत्त्यावर आहे, दोन बाइटचा आहे, 4ने भागायचा, एकक आरपीएम, मग तुला स्क्रीनवर 800 दिसतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बिल्ड झाली की पत्ते सरकतात. फाइल जुनी असेल तर तू आयडल समजून जिथे लिहितोयस तिथे आता टॉर्कची मर्यादा असू शकते. म्हणून दोघांची ओळख पटवणारी एक खूण, ईपीके, तपासली जाते आणि जुळली नाही तर वॉर्निंग येते. ती वॉर्निंग ओके करून पुढे जाणारा माणूस आमच्या टेस्ट बेडच्या आसपास दिसला तर मी त्याला आधी बाहेर काढतो, मग नाव विचारतो.

हे तू विचारलं नाहीस, पण बहुतेक पुढच्या आठवड्यात अडणारच आहेस. सगळे सिग्नल 10 मिलिसेकंदांत घ्यायचा मोह होतो. लॅपटॉप आणि ईसीयू ज्या भाषेत बोलतात त्या एक्ससीपीत, साध्या कॅनवर, एका मेसेजमध्ये 8 बाइट, त्यातला सहसा एक ओळखीत जातो, उरले 7. तीच बस गाडीतले बाकीचे ईसीयूही वापरतात. तेव्हा पाण्याचं तापमान 10 मिलिसेकंदांत कशाला हवंय, ते निवांत 1 सेकंदाला घे, जागा नॉक आणि इंजेक्शनला ठेव. तेही शक्य तर क्रँकच्या तालावर घे, कारण 3000 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात दर 10 मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते आणि वेग वाढला की घड्याळाच्या हिशोबाने घेतलेलं सँपल मधलीच एखादी ठिणगी चुकवून जातं.

प्रश्न : माझं गॅरेज आहे. रीमॅपवाले लॅपटॉप घेऊन येतात, अर्ध्या तासात डिझेल गाडीची पॉवर वाढवून देतात. कंपनीतले इंजिनीअर हेच करतात ना? मग त्यांना वर्षं का लागतात?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आकडे तेच, रस्ता वेगळा. बाजारात विकलेल्या गाडीच्या ईसीयूत कॅलिब्रेशनचा दरवाजा सहसा बंद केलेला असतो किंवा त्याला सीड-कीचं कुलूप असतं (ईसीयू एक आकडा देतं, त्याचं बरोबर उत्तर दिलं तरच उघडतं), आणि रीमॅपवाल्याकडे कंपनीची एटूएलही नसते. तो पूर्ण फाइल बाहेर काढतो, आकड्यांच्या आकारावरून अंदाज बांधतो की हा बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) मॅप, हा टॉर्कचा, आणि वाढवतो. काही जण यात खरंच हुशार असतात, ते मी नाकारत नाही. पण कंपनीवाला तोच आकडा घेऊन लेहला जातो, साडेतीन हजार मीटरवर, जिथे हवेचा दाब पुण्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो, मग मे महिन्यात राजस्थानात जातो, आणि टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्टचं तापमान मर्यादेत राहतंय का ते मोजतो. रीमॅपवाला गाडी घेऊन बायपासला एक चक्कर मारतो. जास्त डिझेल, जास्त काजळी, डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) लवकर तुंबणार, मग तोच माणूस येऊन डीपीएफ ऑफ करून देतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. धुराचे नियम मोडतात, वॉरंटी जाते आणि गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. गिऱ्हाईक परत येईल ते तुमच्याच दारात, एवढं धरून चाला.

प्रश्न : माझी 2017ची पेट्रोल गाडी आहे. एकाने सांगितलं की सॉफ्टवेअर अपडेट मारला की ती ई20ला (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) चालेल. मारू का?
– नागपूरचे एक वाचक

उत्तर : अर्धवट खरंय. 1 किलो शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, ई10ला 14.1, ई20ला 13.5च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला ई10पेक्षा चारेक टक्के जास्त इंधन हवं. इंजिन गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सर हे बघतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिमने तेवढी भर स्वतःच घालतं, त्याला अपडेटची गरज पडत नाही. तुमच्या मेकॅनिकला स्कॅनर लावून लाँग टर्म ट्रिम बघायला सांगा, 4-5 टक्के दिसलं तर घाबरू नका, 15-20 दिसलं तर ते इथेनॉल नाही, दुसरंच काहीतरी आहे, हवेची गळती किंवा पंप बघा. नागपूरच्या डिसेंबरात सकाळी पहिला स्टार्टर मारताना मात्र सेन्सर गार असतो, तिथे ईसीयू डोळे झाकून लिहिलेल्या आकड्यांवर चालतं, आणि ते आकडे ई20साठी नसतील तर गाडी थोडी कुरकुर करेल. कंपनीने स्वतः तुमच्या मॉडेलचा अपडेट दिला असेल तर जरूर घ्या. पण पेट्रोलच्या पाइपातलं रबर आणि सील सॉफ्टवेअरने बदलत नाहीत, ते ई20ला चालणारे आहेत का हे सर्व्हिस सेंटरकडून पार्ट नंबरसकट लिहून मागा.