टिश्यू टायपिंगचा रिपोर्ट: सही देण्याआधी काय शिकवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रयोगशाळेत एम.एस्सी. झालेल्या दोन मुली नव्याने आल्या, डीएनए काढणं, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) लावणं, ल्युमिनेक्स (रंगीत मण्यांवर म्हणजे बीडवर तपासणारं यंत्र) चालवणं त्या पटकन शिकल्या. आता अवयवदानाच्या केसेसचे एचएलए रिपोर्ट (एचएलए म्हणजे पेशींवरची ओळखचिन्हं; रुग्णाची आणि दात्याची ती ओळखणं म्हणजे टिश्यू टायपिंग) त्यांनी स्वतंत्रपणे द्यावेत, तर त्याआधी त्यांच्याकडून किती केसेस करून घ्याव्यात?

आकडा ठरवाच. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे परीक्षक नोंदवही मागतात, तेव्हा काहीतरी दाखवावं लागतं. पण आकडा भरला म्हणून माणूस तयार झाला, असं मी अजून पाहिलेलं नाही. बेंचवर हात बसलेली माणसंही रिपोर्टशी येऊन अडतात, कारण सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर खोडायची त्यांना सवय नसते. मशीनवर संशय घ्यायला शिकवणं, हे खरं प्रशिक्षण.

मी सुरुवात जुन्या फायलींपासून करते. सॉफ्टवेअरचा निकाल झाकायचा, कुठले प्रोब (ठराविक डीएनए ओळखणारे तुकडे) लागले तेवढंच दाखवायचं आणि वहीत हाताने टायपिंग लिहायला लावायचं. लिहून झालं की एकच प्रश्न: हे आपसात जुळतंय का? डीआर हा एचएलएचाच एक गट. डीआर१५ किंवा डीआर१६ असेल तर सोबत डीआर५१ यायला हवा. डीआर४, डीआर७, डीआर९ बरोबर डीआर५३. डीआर१७, ११, १२, १३, १४ यांच्याबरोबर डीआर५२. डीआर१, डीआर८ आणि डीआर१० यांना असा जोडीदार नसतो. मग एखाद्या केसमध्ये डीआर१ आणि डीआर७ लिहिलंय आणि खाली डीआर५२ चमकतोय, तर पेन खाली ठेवायचं. नमुन्यात दुसऱ्याचा डीएनए मिसळलाय, एखादं अ‍ॅलील (जनुकाचं एक रूप) सुटलंय, की प्रोब उगाच लागलाय, हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. अपवाद असतात, पण आधी नियम अंगात मुरू द्या, मग अपवाद शिकवा.

हॅप्लोटाइपचंही (एका पालकाकडून एकत्र येणारा एचएलए जनुकांचा संच) तसंच. ए*३३:०३, बी*४४:०३, डीआरबी१*०७:०१ ही साखळी आपल्या लोकांत वारंवार भेटते. अशा नेहमीच्या साखळ्या डोळ्यांत बसल्या की वेगळं काही दिसताच माणूस आपोआप थबकतो. यासाठी परदेशी तक्त्यांवर विसंबू नका, स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या कुटुंबांच्या फायली काढा.

मग येतो एकाच अ‍ॅलीलचा पेच. ए लोकसवर (म्हणजे ए जनुकाच्या जागी) फक्त ए२४ दिसलं. तेच दोनदा लिहायचं, की दुसरी जागा रिकामी सोडायची? आईवडिलांचं टायपिंग हाताशी असेल तर उत्तर तिथे मिळतं. नसेल तर ‘एकच अ‍ॅलील आढळलं’ एवढंच लिहावं, असं माझं मत. आणि ए*२४:०९एन हे उदाहरण मुद्दाम समोर ठेवा. डीएनएत ए२४, पण पेशीच्या पृष्ठभागावर ते प्रतिजन येतच नाही. असा रुग्ण दात्याच्या ए२४ विरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतो. वरवरच्या टायपिंगमध्ये हे निसटतं. त्या शेवटच्या ‘एन’ची किंमत या एका केसमधून कळते.

मिसमॅच मोजताना दिशा चुकते, हे नव्या लोकांचं कायमचं दुखणं आहे. दात्याकडे आहे आणि रुग्णाकडे नाही, तेच मोजायचं. दाता ए२, ए२ आणि रुग्ण ए२, ए३ असेल तर ए लोकसवर मिसमॅच शून्य. दोघांची अदलाबदल केली की एक. ही बेरीज दहा-वीस जोड्यांवर कागदावर करून घ्या, कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल नको. नातेवाईक मात्र ‘किती टक्के जुळलं?’ असंच विचारणार. त्यांच्याशी टक्क्यांत बोलू नये, हे काम डॉक्टरांवर सोडावं.

क्रॉसमॅचवर, म्हणजे रुग्णाचं सीरम दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का या चाचणीवर, सगळ्यात जास्त वेळ द्या. सीडीसीचा (कॉम्प्लिमेंट ही रक्तातली प्रथिनं घालून पेशी मरतात का ते बघायची पद्धत) टेरासाकी ट्रे, म्हणजे बारीक खाचांची ताटली, वाचणं पुस्तकातून येत नाही. इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी लहान आणि चकचकीत दिसतात, मेलेल्या पेशी इओसिन हा रंग घेऊन फुगलेल्या, गडद. गुण १, २, ४, ६, ८. मृत पेशी १० टक्क्यांपर्यंत असतील तर १, आणि ८० टक्क्यांच्या वर गेल्या तर ८. खरी मारामारी २ आणि ४ यांच्यामध्ये. तोच ट्रे दोघींनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकींचे आकडे न बघता, आणि मग ताडून बघायचे. तिसरी वाचक म्हणून तुम्ही बसा, पण तुमचा आकडा शेवटी सांगा. निगेटिव्ह कंट्रोलमध्येच (अँटीबॉडी नसलेल्या सीरमच्या खाचात) पेशी मरत असतील तर बाकीचे खाचे वाचण्यात अर्थ नाही, हेही त्यांना स्वतःच सुचलं पाहिजे.

एवढा आटापिटा कशासाठी, ते समजायला १९६९ सालचा पटेल आणि टेरासाकी यांचा शोधनिबंध वाचायला द्या. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० मूत्रपिंडांपैकी २४ तत्काळ निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी फक्त ८. माझ्या व्याख्यानापेक्षा हे आकडे जास्त काम करतात.

पण पॉझिटिव्ह दिसलं की लगेच घाबरायचंही नाही. डीटीटी (आयजीएम प्रकारची अँटीबॉडी मोडणारं रसायन) घातल्यावर मृत पेशी गायब झाल्या तर आयजीएम असण्याची शक्यता मोठी. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींशीही सीरम भिडत असेल तर ऑटोअँटीबॉडीचा विचार करा. रिटुक्सिमॅब (बी सेल या पांढऱ्या पेशींना चिकटणारं औषध) दिलेलं असेल तर बी सेल पॉझिटिव्ह येणारच. म्हणून रिपोर्टच्या आधी इतिहास: रक्त कधी चढवलं, आधी प्रत्यारोपण झालंय का, गर्भारपण किती, औषधं कुठली, सीरम कुठल्या तारखेचं. नवरा बायकोला मूत्रपिंड देतोय आणि फॉर्मवर गर्भारपणाचा रकाना रिकामा आहे, तर फोन उचलून विचारलंच पाहिजे. मुलांच्या वेळी नवऱ्याच्याच एचएलएविरुद्ध तिच्या शरीरात अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात. सिंगल अँटिजेन बीडच्या (प्रत्येक बीडवर एकच एचएलए असलेल्या चाचणीच्या) एमएफआयला, म्हणजे अँटीबॉडीच्या चमकेच्या आकड्याला, सगळीकडे चालेल असा एकच कटऑफ नाही, आणि प्रोझोनमुळे (चाचणीतच येणाऱ्या अडथळ्यामुळे) जोरकस अँटीबॉडीसुद्धा कमी दिसू शकते. ईडीटीए लावून किंवा पातळ करून पुन्हा बघायची सवय लावा.

मेंदूमृत दात्याची केस हा वेगळाच प्रकार. रात्री नमुना येतो, दात्याला आधीच भरपूर रक्त चढवलेलं असतं, पांढऱ्या पेशी कमी, आणि कुणीतरी फक्त हेपरिनची ट्यूब पाठवलेली. हेपरिन पीसीआरला अडथळा आणतं, त्यामुळे डीएनएसाठी जांभळ्या टोपीची ईडीटीए ट्यूब मागून घ्यायची. पेशींसाठी हेपरिन चालतं, लिम्फ नोड किंवा प्लीहेचा तुकडा मिळाला तर उत्तमच. इथे लेबल तपासणं हासुद्धा रिपोर्टिंगचाच भाग, शिपायाचं काम नव्हे.

आणि फोन. समन्वयक विचारणार, सर्जन विचारणार, दर वीस मिनिटांनी विचारणार. याची तालीम घ्या. मी एका सहकाऱ्याला चिडलेला सर्जन करून बसवते. शिकणारीने ‘होईल हो थोड्या वेळात’ म्हणायचं नाही. ‘टायपिंग तयार आहे, क्रॉसमॅचचं कॉम्प्लिमेंट आत्ता घातलंय, वाचायला अजून दीड तास’ असं सांगायचं. निकाल फोनवर दिला तर समोरच्याकडून परत वाचून घ्यायचा, नाव आणि वेळ वहीत लिहायची. ‘मॅच झालं’ हा शब्दप्रयोग बंद. टी सेल काय, बी सेल काय, कुठल्या सीरमवर, एवढं स्पष्ट.

एक नाजूक गोष्ट अनेक ठिकाणी कुणीच शिकवत नाही. वडील मुलाला देतायत आणि एक हॅप्लोटाइप जुळायला हवा तो जुळतच नाही. आधी नमुना बदललाय का ते बघा, दुसरा नमुना मागवा, पुन्हा करा. क्वचित रिकॉम्बिनेशन (पालकाच्या दोन हॅप्लोटाइपमधली अदलाबदल) असतं, पण त्यात थोडा भाग तरी जुळतो. तरीही तेच आलं, तर रिपोर्टात दिसलेलं टायपिंग लिहायचं आणि प्रमुखांशी बोलायचं. नात्याबद्दल काउंटरवर, फोनवर, नातेवाईकांसमोर अवाक्षर नाही. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली नातं तपासायची जबाबदारी रुग्णालयाच्या सक्षम अधिकाऱ्याची किंवा प्राधिकार समितीची आहे, आपली नाही.

सही टप्प्याटप्प्याने द्या: आधी जिवंत दात्यांच्या नियोजित केसेस, मग दिवसा आलेल्या मेंदूमृत दात्याच्या, रात्रीचा ऑन-कॉल सगळ्यात शेवटी, तोही सुरुवातीला तुम्ही फोनवर मागे असताना. परीक्षा म्हणून यूके नेक्वास किंवा यूसीएलए (बाहेरून नमुने पाठवून प्रयोगशाळांची परीक्षा घेणाऱ्या संस्था) यांचे जुने बाह्य-गुणवत्ता नमुने वापरा, त्यांची उत्तरं आधीच ठरलेली असतात. आणि दीर्घ रजेवरून कुणी परत आलं, मग ती कितीही जुनी असो, थेट सहीला बसवू नका. किटचा लॉट बदललेला असतो, एचएलएच्या सगळ्या रूपांची यादी असलेला आयएमजीटी डेटाबेस दर तीन महिन्यांनी नवा होतो. चार-पाच ट्रे दुसऱ्या वाचकाबरोबर वाचू द्या, मग सही.