ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सांगलीला येताना गेलं, आता अमेरिकेला परत कसं जायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात परत गोळा आला, कारण अगदी हेच माझ्यासोबत झालंय. तुम्ही आईला बघायला अमेरिकेतून मिरजेला आलात, पुण्याहून येताना वाटेत पर्स गेली, त्यात भारतीय पासपोर्ट पण होता आणि ग्रीन कार्ड पण, तीन आठवड्यांवर परतीचं तिकीट आलंय आणि घरातले म्हणतायत की कार्ड गेलं म्हणजे आता सगळं पहिल्यापासून करायला लागणार. तर आधी हे डोक्यातून काढून टाका. कार्ड हरवलंय, तिथे राहायचा तुमचा हक्क हरवलेला नाही. तो त्यांच्या रेकॉर्डला आहे तसाच आहे, कार्ड हा नुसता पुरावा. अडचण एवढीच की पुरेसे कागद नसलेला माणूस विमानात घेतला तर विमान कंपनीला दंड बसतो, म्हणून मुंबईच्या काउंटरवर तुम्हाला कार्डाशिवाय कोणी चढू देणार नाही. तेवढी एक अडचण सोडवायची आहे आणि त्याला रस्ता आहे.

माझं सांगतो. ऑक्टोबर २०२३, बाबांची बायपास मिरजेला ठरली होती, मी न्यू जर्सीहून एकटाच आलो. पुण्यातून रात्रीची बस पकडली, कराडच्या अलीकडे ढाब्यावर थांबली, मी लॅपटॉपची बॅग सीटवर ठेवून त्यावर पांघरूण टाकलं आणि चहाला उतरलो. दहा मिनिटांनी वर आलो तर नुसतं पांघरूण. मी ते चार वेळा उचलून बघितलं, खाली वाकून बघितलं, परत उचललं. अजून डोळ्यासमोर येतं ते निळं पांघरूण. घरी पोचल्यावर आईने एवढंच सांगितलं की ऑपरेशन होईपर्यंत बाबांना कळता कामा नये, मग मी दिवसभर हॉस्पिटलमध्ये हसत बसायचो आणि रात्री व्हरांड्यात बसून फोन करायचो.

पहिलं काम पोलिसांचं, आणि ते उद्यावर टाकू नका. मला सांगलीत सांगितलं की चोरी कराडकडे झाली, आमची हद्द नाही, आणि तिकडे गेलो तर तिथले म्हणाले बस पुण्यातून सुटली ना, मग पुण्यात जा. दोन दिवस यातच गेले. तुमच्या बाबतीत एक बरं आहे, १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीये, तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की चोरीसारख्या गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात घ्यायलाच लागते, हद्द कुणाचीही असो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तेव्हा मिरजेत जवळच्या ठाण्यात जा आणि शांतपणे हे कलम सांगा. फिर्यादीत पासपोर्ट नंबर आणि ग्रीन कार्ड दोन्ही वेगवेगळं लिहून घ्या. माझ्या पहिल्या कागदावर नुसतं 'बॅग व कागदपत्रे' लिहिलं होतं, तो बदलून घ्यायला परत एक चक्कर झाली.

मग पासपोर्ट. हा आधी, कारण अमेरिकन लोक जो कागद देणार तो पासपोर्टच्या पानावर चिकटवून देतात, पासपोर्टच नसेल तर चिकटवणार कशावर. पासपोर्ट सेवाच्या साइटवर री-इश्यू निवडायचं, कारण हरवला, तत्काळमध्ये. ३६ पानांचा हरवलेला पासपोर्ट परत काढायला साधे ३०००, तत्काळ ५००० रुपये. सोबत परिशिष्ट एफ, म्हणजे पासपोर्ट कसा कुठे हरवला ते तुमच्या सहीने लिहून द्यायचं, एफआयआरची कॉपी, आधार, पॅन, आणि जुन्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स असली तर फार बरं. आपला सांगली-सातारा भाग पुण्याच्या ऑफिसखाली येतो. माझा आधीचा पासपोर्ट न्यूयॉर्कच्या वकिलातीतून निघाला होता, तिकडून खात्री होईपर्यंत वेळ गेला, तत्काळ असून मला नऊ दिवस लागले. म्हणून तिकिटाची नवी तारीख एवढ्यात ठरवू नका, नाहीतर बदलाचे पैसे दोनदा जातील.

हे नऊ दिवस वाट बघत बसायचे नाहीत, त्यातच ग्रीन कार्डची तयारी करायची. आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक करता करता वाचलो. नेटवर 'ग्रीन कार्ड हरवलं' शोधलं की आय-९० हा फॉर्म पुढे येतो. तो नवीन कार्डासाठीचा आहे, पण तो तिकडे परत पोचल्यावर भरायचा, तो इथून भरला तर विमानात चढायला त्याचा काहीच उपयोग नाही. तुम्हाला हवाय आय-१३१ए, म्हणजे कार्ड नसताना विमानात चढायची परवानगी मागायचा फॉर्म, शेवटी 'ए' आहे ते नीट बघा, कारण नुसता आय-१३१ हा वेगळ्याच कामाचा फॉर्म आहे. पुण्याच्या एका एजंटने मला 'डुप्लिकेट ग्रीन कार्ड इथूनच मागवून देतो' म्हणून ४० हजार सांगितले होते. असं काही नसतं ताई, कार्ड इथून कोणी काढून देत नाही, एजंटला एक रुपया देऊ नका.

आय-१३१ए ची फी आधी यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर ऑनलाइन भरायची, माझ्या वेळी ५७५ डॉलर होती, भरायच्या दिवशी साइटवरचा आकडा बघून घ्या. ती परत मिळत नाही. पैसे भरल्याची पावती छापून ठेवा, आणि मग मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या साइटवर बोर्डिंग फॉइलसाठी, म्हणजे पासपोर्टमध्ये चिकटवतात त्या कागदासाठी, जसं सांगितलंय तशी अपॉइंटमेंट घ्या. फॉर्म प्रत्यक्ष जाऊनच द्यायचा असतो, भावाला किंवा वडिलांना पाठवून चालत नाही. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या बॅकग्राउंडचा. मी गणपती पेठेत काढला, फोटोवाल्याने सवयीने आपल्याकडचा पासपोर्ट साइज कापला, तो परत काढायला लावला.

आता खरं डोकं खाणारी गोष्ट, ए-नंबर. ग्रीन कार्डवर तुमचा एक नंबर असतो, तोच तुमची सगळी फाइल उघडतो. मला तो पाठ नव्हता, आणि कार्डचा फोटो फोनमध्ये असेल असं मी धरून चाललो होतो, तर नव्हता. आईने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात माझी दहावीची मार्कलिस्ट, जन्मदाखला, कोपरा कापलेला माझा पहिला पासपोर्ट, सगळं होतं, पण ए-नंबर कशावर असणार, मला ग्रीन कार्ड एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना तिकडे बसूनच मिळालं होतं. रात्री अकराला बायकोला फोन लावला, तिकडे दुपारचे दीड वाजलेले, ती ऑफिसमधून घरी गेली आणि फाइलच्या कपाटातून ग्रीन कार्ड मंजूर झाल्याची जी आय-७९७ नोटीस येते ती शोधून तिने फोटो पाठवला. त्यावर नंबर होता. तेव्हा कुठे मला झोप लागली. तुमचं ग्रीन कार्ड इथल्या कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसावर झालं असेल तर जुन्या पासपोर्टमधल्या त्या व्हिसावर पण नंबर असतो, तो पासपोर्ट घरात कुठे पडला असेल तर शोधा. नाहीतर तुमच्या वकिलाला मेल टाका, त्यांच्याकडे सगळं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही अमेरिकेतून कधी निघालात याचा पुरावा. हा रस्ता फक्त बाहेर पडून एक वर्ष व्हायच्या आत असलेल्यांना आहे, रीएन्ट्री परमिट, म्हणजे जास्त दिवस बाहेर राहण्यासाठी निघायच्या आधी घेतलेला परवाना असेल तर दोन वर्षं. आणि भारतात आल्याचा शिक्का तर हरवलेल्या पासपोर्टमध्येच गेला. मी विमान कंपनीच्या मेलमधलं ई-तिकीट छापलं आणि कोटाच्या खिशात बोर्डिंग पासचा अर्धा तुकडा निघाला तो जोडला. तुम्ही आत्ताच विमान कंपनीला मेल करून प्रवास केल्याचं पत्र मागून ठेवा. तुमची तर जेमतेम महिन्याची सुट्टी आहे, काळजी नाही. मला काळजी वाटते ती आपल्याकडच्या वयस्कर मंडळींची, मुलांनी ग्रीन कार्ड करून दिलेलं असतं, इथे शेत, घर, दुखणी यात वर्ष कधी उलटतं कळत नाही, आणि मग कार्ड असो नसो, रिटर्निंग रेसिडेंटचा एसबी-१ व्हिसा मागावा लागतो, त्याला डीएस-११७ फॉर्म, आणि इतके दिवस का राहिलात, ते हाताबाहेरचं कसं होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर त्यांना आजच तारीख मोजायला सांगा.

कॉन्सुलेट मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री सांगलीहून निघालो, सकाळी दादरला उतरून मावसभावाला बरोबर घेतलं. माणूस बरोबर न्याच, कारण आत मोबाईल, बॅग काही नेऊ देत नाहीत आणि तिथे ठेवायला सोय नाही, तो बिचारा माझा फोन आणि आईने दिलेला भडंगाचा डबा घेऊन बाहेर उन्हात उभा राहिला. आत खिडकीवर बाईंनी कधी निघालात, का आलात, तिकडे काय काम करता, कार्ड कुठे गेलं एवढं विचारलं. मी बाबांच्या ऑपरेशनचे पेपर पण नेले होते, त्यांनी ते बघितले आणि बाबा कसे आहेत म्हणून विचारलं. मराठीत नाही हो, इंग्लिशमध्येच, पण मला भरून आलं. तिकडच्या पगाराच्या स्लिपा, घराचा करार, टॅक्सचे कागद न्या, म्हणजे तुमचं घरदार तिकडे आहे हे दिसतं.

पाच दिवसांनी पासपोर्ट हातात आला, आत व्हिसासारखं एक पान चिकटवलेलं. तेच बोर्डिंग फॉइल. एकाच प्रवासाला चालतं आणि त्यावर तारीख असते, साधारण महिनाभराच्या आतलीच, म्हणून तिकीट त्याच्या आतलं घ्यायचं. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने ते आधी बघितलं नव्हतं, तिने साहेबाला बोलावलं, पंधरा मिनिटं गेली, म्हणून तासभर लवकरच जा. नेवार्कला उतरल्यावर मला बाजूच्या खोलीत बसवलं, फाइल उघडली, सोडलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तिकडे पोचल्यावर त्याच आठवड्यात आय-९० ऑनलाइन भरा. नवीन कार्ड यायला वेळ लागतो, मधल्या काळात नोकरीसाठी किंवा परत यायला लागलं तर यूएससीआयएसकडून पासपोर्टमध्ये तात्पुरता आय-५५१ शिक्का, जो ग्रीन कार्डाऐवजी चालतो, मारून घेता येतो, आईची तब्येत बघता तुम्ही तो घ्याच.

अजून एक, पर्स सापडेल या आशेवर थांबू नका, आणि नंतर सापडली तर तो जुना पासपोर्ट वापरू नका. हरवल्याची नोंद झाली की तो रद्द होतो. माझी बॅग दीड महिन्यांनी ढाब्यामागच्या नाल्यात मिळाली, लॅपटॉप गेलेला, पासपोर्ट ओला होऊन फुगलेला, आईने तो उन्हात वाळवून त्याच पिशवीत ठेवलाय.

आज रात्री पुढचं काही नको, फक्त तिकडे घरी फोन करून ए-नंबर शोधायला सांगा. मिरजेतच आहात तर मी पण पुढच्या महिन्यापर्यंत सांगलीत विश्रामबागलाच आहे, फॉर्म भरताना कुठे अडलात तर इथे लिहा, मी रोज बघतो.